बेलभंडार

४ मे
गारखेड्यातली कोंदट खोली एकदाची सुटली. पिशोरजवळच्या या जुन्या बंगल्यात आज सामान लावलं. व्हरांडा ऐसपैस, पाणी गोड, मागं डोंगर. खाण प्रकल्पाचा अधिकारी म्हणून पहिलीच नेमणूक, आणि काम एकच: डोंगरावरची भिल्लांची वस्ती खाली आणायची. ते तीरकामठे घेऊन जीप अडवतात म्हणे. गोडीगुलाबीनं जमवू, आपली जीभ कधी कामी येणार?

१२ मे
वस्तीचे म्हातारे नाईक, फकिराबाबा, येऊन बसले. त्यांचे पूर्वज गोऱ्या साहेबाशी लढले होते. साहेबानं याच व्हरांड्यात बेलभंडार उचलून शब्द दिला, पावसाळा सरला की माघारी डोंगरावर पाठवतो. पूर्वजांनी हत्यारं खाली ठेवली आणि लगेच पायांत बेड्या पडल्या. एकही परतला नाही.
"तुमी बी बेलभंडार उचला, मंग उतरतो," बाबा म्हणाले.
वरिष्ठांना फोन केला. उचल की, त्यात काय, म्हणाले. मी बेलाचं पान आणि हळद तळहातावर घेऊन तोच शब्द दिला.

२० मे
व्हरांड्यात तीरकामठ्यांचा ढीग पडलाय. वस्ती चितेगावकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. बाबांची सून सरूबाई घराला कडीसुद्धा न घालता निघाली. यायचंच हाय की, म्हणाली.

९ ऑगस्ट
डोंगरावरच्या रिकाम्या घरांवर बुलडोझर फिरला. आता परतणं नाही, आणि तू तोंड उघडू नकोस, असं वरिष्ठांनी बजावलं. मला माझीच लाज वाटते. जमीन घेण्याविरुद्ध हरकत नोंदवायला वस्तीला अजून महिनाभर मुदत आहे. उद्या शेडवर जाऊन बाबांना खरं सांगणार.

१० ऑगस्ट
तोंड उघडलं आणि बाहेर आलं, पावसाळा सरला की माघारी नेतो. आवाज माझा नव्हता. मराठी मोडकीतोडकी, परक्या जिभेची. बाबांना बरं वाटलं.

२ सप्टेंबर
पुन्हा गेलो, पुन्हा तेच. गोकुळ ड्रायव्हरला सांगायला गेलो तरी तेच. सरूबाईचं लेकरू तापानं गेलं. डोंगरावर पुरायला नेऊ का, तिनं विचारलं — मी म्हणालो, पावसाळा सरला की — स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली —

८ सप्टेंबर
उद्या मुदत संपते. बोलता येत नाही, तर लिहून देतो. हेच पान फाडून —
फकिराबाबा, तुमची घरं — सुखरूप आहेत.
हे मी लिहिलं नाही. हात ऐकत —
बाबा, उद्याच वकील — नको. वाट पाहा. पावसाळा सरला की माघारी नेतो. बेलभंडार उचलून सांग