पन्नास कुंकवांची गोधडी

प्रिय वहिनी,

मागच्या महिन्यात तुमचं वर्षश्राद्ध झालं. मंत्र मीच म्हटले. त्यात तुमचं नाव आलं, गोत्र आलं, काळे तीळ आले, मागच्या पिढ्या आल्या. पण तुम्हाला जे सांगायचं होतं ते एका अक्षरानेही आलं नाही. गेलेल्या माणसाला संस्कृतात या, बसा, जेवा, तृप्त व्हा एवढंच सांगायची सोय आहे. ‘तुमच्या गोधडीचं काय झालं ते ऐका’ असा मंत्र मला कुठल्याही पोथीत सापडला नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही मराठीत. तुम्हीच म्हणायचात ना, “भाऊजी, देवाला संस्कृत कळतं हे ठीक आहे. माणसांशी कधीतरी मराठीत बोला.”

इथल्या, अमेरिकेतल्या एडिसन गावच्या घरातला पहिला सत्यनारायण आठवतो? दादा पाटावर, मी पोथीपाशी. आठवड्याचे पाच दिवस औषध कंपनीत आणि शनिवार-रविवार भटजी, हा माझा धंदा तेव्हा नुकता सुरू झाला होता. संकल्पात आपण कुठे बसलो आहोत ते सांगावं लागतं: कुठलं द्वीप, कुठली नदी, नदीचा कुठला काठ. मी जन्माच्या सवयीने ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ म्हणून मोकळा झालो. आतून शिरा परतता परतता तुमचा आवाज आला.

“भाऊजी, गोदावरी नाही, रॅरिटन. आणि आपण उत्तरेला आहोत.”

“वहिनी, मंत्र चालू आहे.”

“चालू दे की. पण पत्ता चुकीचा दिलात तर देव प्रसादाला पोचायचा कसा?”

साताऱ्याच्या शाळेत तुम्ही ड्रॉइंगबरोबर भूगोलही शिकवला होता, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तेव्हापासून मी ‘रॅरिटन्याः उत्तरे तीरे’ म्हणायला लागलो. पार्सिपनीच्या वास्तुशांतीलाही तेच ठोकून दिलं. तिथली नदी कुठली ते तुम्ही नकाशात बघून सांगणार होतात. ते तसंच राहिलं, वहिनी. मागच्या महिन्यात तुमच्याच श्राद्धात माझी जीभ घसरली आणि पुन्हा गोदावरीवर गेली. मी थोडा वेळ थांबलो. आतून कोणी टोकलं नाही.

असो. गोधडीचं सांगतो.

इथल्या राज्यघटनेला दोनशे वर्षं झाली त्या वर्षी लायब्ररीतल्या तुमच्या गुरुवारच्या शिवणमंडळाने ठरवलं की प्रत्येकीने आपल्या मनातला अमेरिकेचा झेंडा गोधडीत शिवायचा आणि त्यांचं प्रदर्शन भरवायचं. मंडळाची प्रमुख मार्था. नवरा लढाईत गेलेला, केस पांढरे, सुई धरताना तोंड मिटलेलं. तुम्ही तिला धावदोरा शिकवलात, तिने तुम्हाला ॲपल पाय. सौदा बरा होता, फक्त पाय आम्हाला खावा लागला.

त्याच उन्हाळ्यात आपल्या लोकांवर हात पडायला लागले. हडसनच्या काठच्या गावांतून बातम्या यायच्या: पोरांची टोळकी कुंकवावरून आपल्या बायका ओळखायची, शिव्या द्यायची, दगड मारायची. एका तरुणाचा तर जीव गेला. आणि एका संध्याकाळी बसस्टॉपवरून घरी येताना तुमच्यावर चालत्या गाडीतून कोणीतरी कोल्ड्रिंकचा अर्धा भरलेला डबा भिरकावला. कपाळाकडे बोट दाखवून काय ओरडले ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. बाथरूममध्ये पदर धुतलात. “चिकट झालाय,” एवढंच म्हणालात.

दादा घाबरला होता. जेवताना म्हणाला, “काही दिवस बाहेर जाताना नाही लावलंस तर?” तुम्ही त्याला आमटी वाढलीत. मग त्याने माझ्याकडे बघितलं. “विनू, शास्त्रात काही सवलत असेल ना?”

मी म्हटलं, “शास्त्रात सगळ्याला सवलत आहे, दादा. वहिनींकडे नाही.”

दुसऱ्या दिवशी तुम्ही कात्री काढलीत. लाल पट्टे तुमच्या आईच्या इरकलीचे. निळा चौकोन तुमच्या कामावरच्या एप्रनचा, तो घालून तुम्ही दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करायचात. आणि पांढऱ्या पट्ट्यांसाठी माझं वाईचं धोतर गेलं, मला न विचारता.

“वहिनी, ते माझं पूजेचं धोतर होतं.”

“दुसरं आहे ना? हे नेसून काय स्नोमध्ये जाणार होतात?”

माझ्या सिटिझनशिपचं घोडं अजून अडलेलं होतं. माझं धोतर माझ्या आधी अमेरिकन झालं.

चौकोनात तारे नव्हते. त्या जागी तुम्ही लाल कापडाचे गोल शिवलेत, कपाळावरच्या कुंकवाएवढे, पन्नास. बोटांनी कडा आत दुमडत, एकेक. शेवटचं ठिगळ बसवण्याआधी त्याच्या कोपऱ्यात चिमूट-चिमूट करून मूठभर तांदूळ घातलेत. तुमच्या माहेरची रीत: गोधडीचं पोट रिकामं ठेवू नये, म्हणजे पांघरणारा उपाशी राहत नाही. मी विचारलं, हे कुठल्या गृह्यसूत्रात आहे? “आमच्या आईच्या,” म्हणालात आणि दात लावून दोरा तोडलात.

आता प्रदर्शनासाठी गोधड्या निवडणाऱ्या समितीची ती सभा. आम्ही दोघे भाऊ मागच्या खुर्च्यांवर होतो. प्रदर्शनाचे अध्यक्ष निवृत्त सैनिक, हात पाठीमागे बांधून उभे. माणूस वाईट नव्हता, हे मी तेव्हाही म्हणत होतो. ते गोधडीसमोर बराच वेळ उभे राहिले.

“बाई, काम फार सुंदर आहे. पण तारे कुठे आहेत?”

“हेच.”

“हे ठिपके आहेत.”

“हो,” तुम्ही म्हणालात. “मला डबा मारला तो ठिपक्यासाठी मारला. म्हटलं, पन्नासही राज्यांना लावून बघू.”

तुमचं इंग्रजी इतकं चांगलं आहे हे मला त्या दिवशी कळलं. मार्था मांडीवरच्या हातांकडे बघत बसली होती. अध्यक्ष अगदी मऊपणाने म्हणाले, “वरून पांढरे तारे शिवले तर? ठिपके आत राहतीलच.”

तुम्ही गोधडीची चौघडी घातलीत आणि काखेत धरलीत.

गाडीत दादा म्हणाला, “शिवायला काय हरकत होती? लोकांनी बघितली तरी असती.”

“गोधडी बघायची नसते. पांघरायची असते.”

वहिनी, इथे माझी एक तक्रार आहे. ते तुम्ही रागाने म्हणालात. बघावी असं नसतं वाटत, तर तुम्ही गोलांच्या कडा इतक्या बारीक टाक्यांनी का बसवल्या असत्या? पांघरणाऱ्याला टाके दिसत नाहीत. त्या दिवशी घरी आल्यावर चहा न घेता झोपलात, तेही मी पाहिलं होतं. तुमच्या तळघरात राहणाऱ्या अविवाहित दिराला वरच्या मजल्यावर कोण चहा न घेता झोपलं हे बरोबर कळतं.

मग तुमचं दुखणं निघालं. हॉस्पिटलची पांघरुणं पातळ, म्हणून दादाने गोधडी तिथे नेली. तुम्ही गेलात तेव्हा ती तुमच्या अंगावरच होती. आणि त्या दिवसापासून दादा ती पांघरतो. भर उन्हाळ्यातसुद्धा, एसी लावून. दिवसा सोफ्यावर बसला तरी पायांवर असते. मी काही बोलत नाही. आणि मी काही बोलत नाही ही गोष्ट किती गंभीर आहे ते तुम्हाला सांगायला नको.

हिवाळ्यात मार्था आली. येण्याआधी फोन करून विचारलं होतं, तुम्ही मांस खात नाही ना? नाही, म्हटलं. तर बाईने प्रेमाने टूनाची कॅसरोल करून आणली. मांस नाही, मासा आहे. दादाने दोन्ही हातांनी घेतली, नमस्कार केला, आणि ती शेजारच्या मांजरीने संपवली. दहाव्याला कावळा काही आला नव्हता. तेव्हा मनाशी म्हटलं, या देशात ते काम मांजरीकडे असेल.

दादा सोफ्यावर होता, पायांवर गोधडी. मार्था समोर बसली आणि बघत राहिली. मी ओशाळलो. झेंड्यासारखी गोष्ट, आणि आमचा दादा तिच्याखाली पाय घेऊन बसलेला. काढून घ्यावी म्हणून पुढे झालो, तर तिने हाताने थांबवलं.

“माझ्या नवऱ्याच्या शवपेटीवरचा झेंडा माझ्याकडे आहे,” ती दादाला म्हणाली. “त्रिकोणी घडी घालून, काचेच्या पेटीत. इतकी वर्षं झाली, मी त्याला हात लावलेला नाही. हात लावायचा नसतो.” मग दादाच्या पायांकडे बघून, “तुम्हाला पांघरता येतो.”

दादाने गोधडीची एक बाजू उचलून तिच्याकडे सरकवली. ती सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली आणि तिने ती गुडघ्यांवर घेतली. मी चहा करायला आत गेलो. आलं जास्त पडलं.

निघताना ती दारात म्हणाली, “त्या सभेत मी सुशीलाच्या बाजूने बोलायला हवं होतं.” वहिनी, तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात? मी म्हटलं, “सभा अजून होतात ना?”

झाली. या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात झेंड्यांच्या गोधड्या पुन्हा लावायचं ठरलं आणि मार्था उभी राहिली. अध्यक्ष तेच. काय बोलली ते ती सांगत नाही. पण मला तिचा फोन आला: सुशीलाची गोधडी हवी आहे, जशी आहे तशी, वर काही शिवायचं नाही.

मी धावत वर जाऊन दादाला सांगितलं. तो म्हणाला, “नाही.”

“अरे, वहिनींना किती वाटत होतं.”

“आठवडाभर भिंतीवर राहणार. मग मी काय पांघरू?”

“घरात ढीगभर ब्लँकेटं आहेत.”

“ब्लँकेटं आहेत,” दादा म्हणाला, आणि पायांवरच्या गोधडीचा काठ सारखा केला. मग म्हणाला, “विनू, तूच सांग. तिचं म्हणणं तुला कळायचं.”

खरं सांगतो, मला सांगता येईना. भिंतीवर जावी म्हणून तुम्ही शिवलीत, आणि पांघरायची असते असं म्हणून ठेवलंत. नाही म्हणावं तर तुमची ती चहा न घेतलेली संध्याकाळ आठवायची. हो म्हणावं तर दादाचे पाय उघडे. दोन दिवस मी तळघरात येरझाऱ्या घातल्या. शेवटी मार्थाला फोन करून जसं होतं तसं सांगितलं: माझ्या भावाला तिच्याशिवाय झोप येत नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “विनायक, झेंडा तसाही सूर्यास्ताला उतरवतात. रात्रीचा वर ठेवत नाहीत. त्यांनी सकाळी आणावा, संध्याकाळी उतरवून घरी न्यावा.”

बाई मीमांसा शिकली असती, तर वाईत पंडितांची पंचाईत झाली असती.

तर वहिनी, आठवडाभर तुमचे यजमान इस्त्रीचा शर्ट घालून, गोधडी शेजारच्या सीटवर ठेवून, तिला सीटबेल्ट लावून लायब्ररीत जात होते. सकाळी टांगायची आणि समोरच्या खुर्चीवर दिवसभर बसायचं. लोक थांबत होते. काही लवकर पुढे जात होते, तेही सांगायला हवं. एक जण “हा झेंडा नव्हे” असं मोठ्याने म्हणून गेला. दादाने मान हलवली. म्हणाला, “गोधडी आहे.”

दुसऱ्या दिवशी आपल्या कुलकर्णी काकू आल्या. गेली दोन वर्षं त्या बाहेर जाताना कुंकू लावत नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे. गोधडीसमोर उभ्या राहिल्या. मग पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं, सूचनाफलकाच्या काचेत बघितलं, एक लावली, आणि आमच्याकडे न बघता दुकानात जायला निघाल्या. मी भटजी असून माझ्या एवढ्या पूजांनंतर कोणी असं उठून गेलेलं मी बघितलेलं नाही.

शेवटच्या संध्याकाळी दादा स्टुलावर चढून गोधडी उतरवत होता तेव्हा अध्यक्ष आले. “मी धरतो,” म्हणाले. त्यांनी त्रिकोणी घडी घालायला सुरुवात केली. गोधडी कसली ऐकते. मग दादाने त्यांना दाखवलं: दोन टोकं तुम्ही धरा, दोन मी, आता चालत माझ्याकडे या. दोन म्हातारे लायब्ररीच्या हॉलमध्ये एकमेकांकडे चालत आले, मागे गेले, पुन्हा आले. घडी झाली तेव्हा अध्यक्षांच्या बोटांना कोपरा लागला. त्यांनी चाचपून बघितलं.

“यात काय आहे?”

“तांदूळ,” दादा म्हणाला.

“कशासाठी?”

“उपाशी राहू नये म्हणून.”

“कोणी?”

“जो पांघरेल तो.”

बाहेर अजून उजेड होता. गाडीपर्यंत गोधडी अध्यक्षांनीच नेली, तो कोपरा तळहातावर वर धरून.

वहिनी, दर जुलैत ती भिंतीवर जाईल आणि दर संध्याकाळी घरी येईल, हे माझ्याकडे लागलं. दादाचे पाय मी एकाही रात्री उघडे राहू देणार नाही. आणि पुढच्या वर्षीच्या संकल्पात गोदावरी येणार नाही. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून समोर ठेवीन. पत्ता बरोबर असेल: रॅरिटनच्या उत्तर तीरावर. त्याच्या आधी कधी यावंसं वाटलं, तर सूर्यास्तानंतर या. गोधडी तेव्हा घरी असते.

तुमचा धाकटा दीर,
विनायक
(तळघरातले भाऊजी)