तेलाचं विरजण

बाबा, फ्रीगंजातली आपली शेवेची कढई आता मीच सांभाळतो. हसू नका. ओंकारेश्वर, भुसावळ, कुठेकुठे भटकलो, दहावीनंतर वही उघडली नाही, आणि आज तुम्हाला लिहायला बसलोय. तुम्ही रोज सकाळी ताज्या तेलात कालच्या तेलाची एक पळी घालायचात. म्हणायचात, "विरजण आहे ते. त्याशिवाय शेवेला रंग चढत नाही." एकदा असाच भटकून आलो आणि तो जुन्या तेलाचा डबा मोरीत उपडा केला. तुम्ही झारा खाली ठेवलात. "बारा गावचं पाणी प्यायलास, घरचं तेवढं कळलं नाही." त्याच दुपारी मी देवास गेटवरून बस धरली. परतलो तेव्हा तुमचं हृदय थांबून चार दिवस झाले होते.

परवा राम घाटावरून परतताना केमिस्ट्रीचे रिटायर्ड सर शेव घ्यायला थांबले. मी पळी ओतत होतो, विरजण आहे म्हणून सांगितलं. म्हणाले, "बेटा, ये जामन नहीं, छूत है." विरजण नव्हे, लागण. तापून तापून थकलेल्या तेलात म्हणे काही कण तुटके होतात, एक इलेक्ट्रॉन कमी पडलेले. फ्री रॅडिकल. ते शेजाऱ्याचा हिसकावतात, मग तो शेजारी पुढच्याचा. मी म्हटलं, "म्हणजे घाटावरच्या चपला, सर. ज्याची गेली तो दुसऱ्याची घालून निघतो." सर हसले. "अरे, हे मला वर्गात सुचलं असतं तर." मग म्हणाले, शरीरातही हेच चालतं. आपण श्वास घेतो, त्यातूनच असे कण सुटतात. आत पहारेकरी असतात, पण ते कमी पडले की रक्तवाहिन्या, डोळ्यातलं भिंग, सगळं हळूहळू खराब होतं. बाबा, ज्याच्यावर जगायचं तोच श्वास आतून गंजही चढवतो. गॅस बंद करून मी नुसता श्वास घेत बसलो, गिऱ्हाइकं ओरडत होती तरी.

मग विचारलंच, "सर, बाबा त्या पळीनं गेले का?"

"एका पळीवर आळ घेऊ नकोस. बिडी होती, भट्टीचा धूर होता, वय होतं. ती पळीही असेल त्यात."

आज ते तेल टाकून दिलं. तेव्हा टाकलं होतं ते काही कळून नव्हे, रोज तो चिकट डबा घासायचा कंटाळा आला होता म्हणून. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. ही चिठ्ठी त्याच डब्यात ठेवतोय. तुमच्या शर्टाला यायचा तो वास अजून त्यात आहे. डबा घासलेला नाही. पण या वेळी कंटाळ्यानं नाही.