दुसऱ्या पलंगावरचे प्राणी

प्रिय डॅग्नी,

टपालपेटीचा नंबर बरोबर पडलाय ना, म्हणून पाकीट पुन्हा पुन्हा उलटून पाहतोय. आठवीत शाळा सुटली आणि मासे डबाबंद करायच्या कारखान्यात लागलो, तेव्हापासून एवढं लांब काही लिहिलेलं नाही. अक्षर लागलं नाही तर अंदाजानं वाच. गुडघा बरा आहे. शेजारची मांजर पुन्हा माझ्या दारातल्या पायपुसण्यावर व्याली. तुझा खोकला गेला का? बोटीवर जेवताना तू मध्येच खोकत होतीस. धुरात जाताना तोंडाला काही बांधत जा, एवढा पोशाख शिवलाय तर एक फडकं काय जड होतं?

त्या बोटीची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. माझ्या पंचाहत्तरीसाठी तू अलास्काची सफर काढलीस, स्वतः सुट्टी घेतलीस, सिअ‍ॅटलच्या धक्क्यावर माझी बॅग उचलून बरोबर चढलीस. मला आपली धास्ती, आठवडाभर लेक समोर बसणार, तिच्याशी बोलायचं काय? तुझी आई असताना बोलायचं काम तिचं होतं. मी विषय ठरवून ठेवले होते. पहिला मांजरीचा होता. पण बोट सुटली आणि वरच्या डेकवर तू एकदम मान तिरकी केलीस, लहानपणी दूरचं काही कानावर आलं की करायचीस तशीच. "बाबा, बोगद्यात आगगाडी पेटलीय. आलेच पाच मिनिटांत," म्हणालीस आणि माणसं दुसरीकडे बघत असताना कठड्यावरून उडून गेलीस. तुझा निळा रुमाल तेवढा कठड्याच्या खिळ्याला अडकून राहिला. तो सोडवून घ्यायचं मला सुचलं नाही.

पाच मिनिटांची संध्याकाळ झाली, तू आली नाहीस, मग खोटं बोलणं आलं. जेवणाच्या टेबलावर आपल्या शेजारी नेब्रास्काच्या मिसेस टटल होत्या. पहिल्याच संध्याकाळी म्हणाल्या, "लेक कुठंय तुमची? की कंटाळून पळाली?" मी म्हटलं, बोट लागलीय तिला, पडून आहे. रोज तुझ्या नावाची ताटली भरून खोलीत न्यायचो आणि सामन माशाचा तुकडा स्वतःच खायचो. टाकवत नाही मला. खोली आवरणारा रॉडेल रोज संध्याकाळी टॉवेलांच्या घड्या घालून दोन प्राणी करून ठेवायचा, एक माझ्या पलंगावर, एक तुझ्या. हत्ती झाला, ससा झाला, माकड झालं. माझे मी मोडून अंग पुसायला घ्यायचो. तुझे मोडवेनात. तू आल्यावर बघशील म्हणून ओळीनं उशीशी मांडून ठेवले. आतून कडी लावून बसायचो आणि त्या हत्तीला मांजरीचं सांगायचो.

तिसऱ्या दिवशी मिसेस टटल तुझ्यासाठी आल्याचा चहा घेऊन आल्या आणि मी नको नको म्हणेपर्यंत आत घुसल्या. पलंग चापूनचोपून घातलेला, वर तीन प्राणी, आणि माणूस नाही. चहा कुठं गेला ते विचारू नकोस. "अहो, पोर कुठंय?" एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की सगळी गल्ली गोळा झाली. बोटीच्या नोंदीत तू चढलेली, उतरलेली नाहीस. कठड्याला रुमाल सापडला. आणि बाप तीन दिवस खोटं बोलतोय. कॅप्टन मोरेत्ती सभ्य माणूस, पण त्यानं मला एका खोलीत बसवलं, दाराशी माणूस ठेवला आणि सांगितलं की पुढच्या बंदरात, जूनोला, पोलीस चढतील. खरं सांगावं तर तुझं गुपित जातं, न सांगावं तर मी लेक समुद्रात ढकलणारा ठरतो. मला तुरुंगाची भीती नव्हती असं म्हणत नाही. फार होती. रात्रीच्या गोळ्या तिथं देतात का, हेही कॅप्टनला विचारलं.

आणि त्यानं मदतीला बोलावलं ते कुणाला, तर पेपरवाले जिला रुपेरी घार म्हणतात तिला, म्हणजे तुलाच!

तू ओल्या केसांनी आत आलीस आणि माझ्यासमोर बसलीस. पोशाखात असलीस की मी तुला ओळखायचं नाही, हा आपला नियम मी पाळला. हात मांडीखाली दाबून बसलो. तू एकेक विचारत गेलीस. मुलगी दिसते कशी, तिला खायला काय आवडतं, तिच्याशी भांडण झालं होतं का, ती शेवटची घरी कधी आली होती. मी सांगत गेलो. नोव्हेंबरात, टर्की कापून खायच्या सणाला, तेही पाय न टेकता. पोरी, इतकं तू मला कित्येक वर्षांत विचारलं नव्हतंस. भीती होतीच, पण मधूनच वाटायचं, हिचे प्रश्न संपू नयेत. मग लिहायला तू हातमोजा काढलास आणि मला तुझी कुरतडलेली नखं दिसली. अजून कुरतडतेस. मी खिडकीकडे बघत राहिलो. उठताना तू कॅप्टनला म्हणालीस, "यांनी काही केलेलं नाही, मुलगी जिवंत आहे." आणि दारात वळून मला म्हणालीस, "आणि तो स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करून घ्या, रात्रभर ठिबकतो." कॅप्टनला वाटलं, हा काही तपासाचा डाव असेल.

तासाभरानं तू साधी डॅग्नी होऊन झाकलेल्या जीवरक्षक होडीतून निघालीस, मळमळत होतं म्हणून तिथं झोपले, म्हणालीस. मिसेस टटलनी तुला काय झाडलं! "अगं भवाने, बापाला फासावर चढवत होतीस! ती रुपेरी घार बघ, जगाची काळजी वाहते. शिक काही तिच्याकडून!" तू मान खाली घालून "हो मावशी" म्हणालीस. हसू दाबताना मला ठसका लागला. त्या रात्री आपण एका टेबलावर जेवलो खरे, पण बोलल्या सगळं त्याच. सकाळी जूनोला तू पुढच्या हाकेला म्हणून उतरलीस, ती पुन्हा चढली नाहीस. पुढचे दिवस मी टेबलावर तुझी खुर्ची तशीच ठेवून घेतली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तो नळ ठिबकायला लागला जानेवारीत. नोव्हेंबरानंतर तू घरी आलेलीच नाहीस. म्हणजे इतके महिने मी स्वयंपाकघरात एकटा बडबडतो ते तुझ्या कानावर जातं. शहरभरच्या गोंगाटातून तू त्या ठिबकण्यावरून माझं घर शोधतेस, असं मला वाटतं. चुकत असेन तर हसून सोड. सोमवारी नळ दुरुस्त करणारा यायचाय. तूच सांगितलंस, म्हणून बोलावला. पण मग ठिबकणं बंद होईल आणि तुला वाटेल, म्हाताऱ्याचं काही बरंवाईट झालं. हे तोंडानं सांगितलं असतं, पण नेमकी त्या वेळी तू कुठल्या आगीत असशील, मला काय कळणार? म्हणून कागद. घाबरू नकोस. रोज जेवण झालं की मी चमचा कपावर वाजवीन, तेवढा ऐक. एखाद्या दिवशी तोही वाजला नाही, तर आधी दारावर टकटक कर, मी डुलकी काढत असेन. खिडकीतून येऊ नकोस. तिथं कुंडी आहे, आणि तिच्यामागे तुझा हत्ती ठेवलाय. रॉडेलनं न मोडता बांधून दिला.

तुझाच,
बाबा