उकळून गार केलेलं पाणी

प्रिय वहिनी,

दादाचा फोन आला होता. रविवारी तुझं डोकं दुखणार आहे म्हणे, म्हणून तू येणार नाहीस. रविवारचं डोकं बुधवारीच दुखायला लागलेली तू पहिलीच. दादाची किडनी मला मिळाली त्याला वर्ष झालं म्हणून आई सगळ्यांना जेवायला बोलावतेय, आणि नेमकी तूच नाहीस, हे मला चालणार नाही. फोनवर तू विषय बदलशील, म्हणून लिहायला बसले.

परवा कामावर रुजू झाले. सगळ्यांच्या तोंडी दादाचंच कौतुक, भाऊ असावा तर असा. खरंच आहे ते. मला मात्र तुझं पातेलं आठवत होतं. किडनी टिकावी म्हणून ज्या गोळ्या चालू आहेत त्यांनी अंगातली प्रतिकारशक्ती कमी होते, पाण्यातले साधे जंतूही जिवावर बेततील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाकीचे मान डोलावून घरी आले. तू येताना नवं पातेलं, घट्ट बसणारं झाकण आणि लांब दांड्याचा डाव घेऊन आलीस. पाणी खळखळून उकळायचं, झाकूनच गार होऊ द्यायचं, त्यात हात बुडवायचा नाही. दात घासायलाही तेच. शेजारच्या खोलीत दादा पडून, तुझी दोन पोरं घरभर धुडगूस घालतायत, आणि तू गॅसपाशी उभी. मी चिडून तुला जेलर म्हणायचे. तू गुमान पेला पुढे करायचीस.

आणि आपले बाबा! लेकीला तहान लागलीय आणि पाणी अजून गरम, हे त्यांना बघवेना. तू भाजी आणायला बाहेर पडलीस, तसं त्यांनी पातेल्यात नळाचं पाणी ओतलं आणि मला पेलाभर पाजलंही. वर म्हणाले, "बघ, कसं झटक्यात कोमट झालं." तू आलीस, पातेल्याला हात लावलास आणि तुझा चेहराच उतरला. आता बाबांची खरडपट्टी निघणार असं मला वाटलं. तू सगळं पाणी मोरीत ओतलंस आणि एवढंच म्हणालीस, "बाबा, उकळलेल्यात कच्चं पडलं की सगळं कच्चंच." मग पातेल्याची राखण त्यांच्याकडेच सोपवलीस. त्यानंतर ते स्टूल टाकून असे बसायचे की आईलाही झाकणाला हात लावायची सोय राहिली नाही.

पुढचे काही दिवस तू कधी चादर सारखी करायला, कधी खिडकी लावायला माझ्या खोलीत यायचीस आणि दर वेळी तुझा हात माझ्या कपाळावर. ताप आला नाही. आता येणार नाही अशी खात्री पटली, त्या सकाळी तू स्वयंपाकघरात रडत होतीस. कांदा चिरतेय म्हणालीस. ओट्यावर कांदा नव्हता, वहिनी.

तू रविवारी का येत नाहीस ते मला ठाऊक आहे. दादाने किडनी द्यायला बायको म्हणून तुझी संमती घ्यायला दवाखान्यातल्या बाईंनी तुला आत बोलावलं, तेव्हा मी पलीकडेच बाकावर बसले होते, मध्ये एक प्लायवूडची भिंत. "मनापासून विचाराल तर नको," तू म्हणालीस. "त्यांना काही झालं तर मी दोन पोरांना घेऊन कुठे जाऊ?" आणि तरीही तू सही केलीस. मला हे माहीत नाही असं समजतेस, तरी वर्षभर अपराध्यासारखी माझ्यापासून नजर चोरतेस. अगं, मी तुझ्या जागी असते तर तेच म्हटलं असतं, आणि सही केली असती की नाही कोण जाणे. दादाने दिलं ते एकदाच, तेही भूल देऊन झोपवल्यावर. तू देत राहिलीस ते रोज, जागेपणी, भीत भीत. मी जिवंत आहे ती तुम्हा दोघांमुळे, आणि हे मला रविवारी सगळ्यांसमोर म्हणायचंय. तुझा तो नकार कानाने ऐकल्यावरही, तू दिलेला एकही पेला पिताना माझ्या मनात शंका आली नाही. तेव्हा ये.

तुझीच,
छोटी