गुग्गुळ आणि दोन बोटं

३ नोव्हेंबर २०२५
आजपासून संशोधन. तोंड दोन बोटांपुरतंच उघडतं. दाताची डॉक्टर म्हणाली, तंबाखू-सुपारीच्या माव्याने गाल आतून जुन्या व्रणासारखा राठ होऊन आखडलाय. मावा बंद करा, रोज तोंडाचा व्यायाम करा. कालची पोरगी! भोरच्या कॉलेजात मी जन्मभर केमिस्ट्री शिकवली. तंबाखूविरोधी दिनाचं भाषणही दरवर्षी माझंच. नेटवर पेपर सापडला: गुग्गुळाने राठ झालेला भाग मऊ पडतो. प्रिंट काढली. १४ डिसेंबरला सुलक्षणाचा साखरपुडा. लेकीच्या हातून अख्खा पेढा खाणार.

४ नोव्हेंबर
बाजारपेठेतून गुग्गुळ आणला. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मीच पोरांकडून घोकून घेतलंय. गुग्गुळ सुरू केला, म्हणजे मावा सोडता येत नाही. सोडला तर गुण कशाने आला ते कसं कळणार? शैलजाला समजावलं. ती म्हणाली, बरं. बायकोला पटलं म्हणायचं.

९ नोव्हेंबर
तुलनेसाठी गुग्गुळ न घेणारा माणूस हवा. शिवऱ्याचा गोरख मिळाला. माझाच विद्यार्थी, आता टेम्पो चालवतो. त्याचंही तोंड गुटख्याने आखडलंय. सांगितलं, काहीएक करू नकोस. व्हय सर, म्हणाला. गुणी मुलगा.

१६ नोव्हेंबर, सकाळ
दोन बोटं. कदाचित अडीच.

संध्याकाळ
दोनच. आमटीने तोंडाची आग आग. औषध लागू पडतंय.

२३ नोव्हेंबर
डॉक्टरला प्रिंट दाखवली. तिने शेवटपर्यंत वाचली. (मी सारांश वाचला होता.) म्हणाली, काका, हा अभ्यास उंदरांच्या लिव्हरवरचा आहे, माणसाच्या तोंडाबद्दल यात काहीच नाही. उंदीर सस्तन प्राणी नाही का? वर म्हणते, गालात पांढरा डाग दिसतोय, तुकडा तपासायला पाठवू. साखरपुडा झाल्यावर बघू म्हटलं. चालू प्रयोग मोडता येत नाही. बाहेर आलो. भीती वाटली. मावा खाल्ला.

२ डिसेंबर
गोरखने दगा दिला. एसटी स्टँडवर भेटला. म्हणाला, सर, म्या गुटखा सोडला, डॉक्टरीणबाईंचा व्यायामबी करतोय. परवा मिसळ खाल्ली, लई दिवसांनी जळजळ न्हाई झाली. तुमीबी सोडा, म्हणाला. मला शिकवतो! सगळा डेटा वाया. त्याला प्रयोगातून काढून टाकलं. घरी येऊन मोजलं. तर्जनी फारच जाड असते. यापुढे करंगळी वापरावी.

११ डिसेंबर
करंगळीही अडकली. थंडीने बोटं सुजतात. वळून बघतो तर सुलक्षणा दारात. कधीपासून उभी होती कोण जाणे. मावा आजपासून कमी. साखरपुड्यानंतर बंदच.

१४ डिसेंबर
साखरपुडा झाला. सुलक्षणाने पेढा तोंडाशी धरला. जाईना. तिने अर्धा केला. मग पाव. तिचे डोळे भरले. पाहुण्यांना वाटलं, सासरी जायचं म्हणून. फोटोग्राफर ओरडत होता, काका, आ करा ना, जरा मोठा आ करा.

केलेलाच होता.