आईची शाल आणि नाकाचे थेंब

ती. ताई,

नमस्कार. मी बरा आहे, नाक तेवढं रुसलंय. भाऊजींचे गुडघे कसे आहेत?

सायनसचं दुखणं खूप कमी झालंय. गोळ्यांचा कोर्स पुरा केला. चूक माझीच. नाक मोकळं करणारे थेंब पाचच दिवस घालायचे होते, मी दीड महिना घातले. दोन मिनिटांत नाक उघडायचं गं! डॉक्टर म्हणाले, "आता त्या थेंबांमुळेच नाक चोंदतंय." मग ते बंद केले. आता दुसरा स्प्रे मारतो, मिठाच्या पाण्याने नाक धुतो. गुण यायला वेळ लागेल म्हणतात. किती, ते कोणी सांगत नाही.

आणि माझं काम काय, तर साबणाचा वास तपासायचं! हल्ली शेजारच्या टेबलावरचा सहकारी माझी वडी हुंगतो आणि हळूच मान हलवतो, मग मी शिक्का मारतो. असं किती दिवस चालणार? तू काळजी करू नकोस.

पार्सल पोचलं. आई गेल्यावर तिची शाल तू न धुता, पिशवीला गाठ मारून जपलीस. "अजून तिचा वास येतो," असं लिहिलंस. मी तीनदा तोंड खुपसलं. लोकर टोचली, बाकी काही नाही. लगेच पुन्हा गाठ मारली, पण तेवढ्यात वास किती उडाला, मला कळायला मार्ग नाही.

ताई, तिच्या उशीचा अभ्रा तरी मी येईपर्यंत धुऊ नकोस.

तुझा,
नाकाड्या