धुऱ्यावरची पऱ्हाटी

१४ फेब्रुवारी, अमरावती
जमलं! कपाशीच्या पऱ्हाटीचा, वेचणीनंतर उरलेल्या वाळक्या झाडांचा, कोळसा इतका सच्छिद्र झाला की तो भरल्यावर त्याच टाकीत, त्याच दाबाला, रिकाम्या टाकीपेक्षा जास्त गॅस मावला. सर खूश. अजून माल पाहिजे म्हणे. काकांना गावी फोन केला, यंदा पऱ्हाटी जाळू नका, रचून ठेवा, मी गाडी पाठवते.
"ठेवतो ना बाई. तुह्या कामाची हाय तं."

२ मे
लॅबची भट्टी नादुरुस्त. गाडीचं राहूनच गेलं. विसरले असंही नाही, उद्या पाहू, उद्या पाहू... आज काकांचा फोन. उचलला नाही.

९ ऑगस्ट, गाव
सुट्टी. काकांसोबत वावरात. पऱ्हाटीची गंजी धुऱ्यावर, दोन वावरांमधल्या बांधावर, तशीच, पावसात काळी पडलेली. धुऱ्यापलीकडे रहीमचाचांची कपाशी. फुलं उमललीच नाहीत, गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली. चाचांनी एक उकलून दाखवलं. आत गुलाबी अळी.
काका माझ्याकडे पाहत नव्हते.

२३ ऑगस्ट
पुन्हा गावी. चावडीत सभा. कृषी सहायकांनी सांगितलं, अळी जुन्या पऱ्हाटीत उन्हाळा काढते, पावसाळ्यात पाखरू होऊन उडते. मग विचारलं, कोणी रचून ठेवली होती?
काका उभे राहिले. "म्या ठेवली. माही चूक हाय."
मागून कोणीतरी, "पुतणी एवढी शिकली, अन् याले इतकं समजत नाही?" लोक हसले. मी बायकांत बसलेली. उठले नाही.
घरी येताना विचारलं, माझं नाव का नाही घेतलं?
"तुले गावात यायचं हाय ना अजून."

११ ऑक्टोबर, अमरावती
सरांना पोस्टरसाठी गंजीचा फोटो हवा होता. दिला. पलीकडचं वावर दिसत होतं, तेवढं कापून. नीट कापलं.

३० ऑक्टोबर, गाव
चाचांच्या वावरात गेले. चाचा-चाची कापूस वेचत होते. बोंडं किडकी, निम्मा कापूस कवडीच, अळीनं खाऊन कडक, पिवळा पडलेला. सांगून टाकलं, "काकांना पऱ्हाटी ठेवायले मी सांगितलं होतं."
चाचांचे हात थांबले. "सभेत तू होती ना?"
"होती."
"तवापासून मी त्याच्याशी बोललो नाही."
चाची म्हणाली, "बेटा, तू जा अब." चाचा पाठ करून वेचू लागले.
रात्री जेवताना काकांना सांगितलं, चाचांकडे गेले होते. घास हातातच राहिला त्यांचा.
"काय म्हने रहीम?"
मी त्यांच्या ताटात भाकर वाढली. काका वाट पाहत बसले...